हिशेबाच्या पाठपुराव्याला ‘एआय’ची जोड, दप्तराची किल्ली मात्र हातातच हवी

प्रतिनिधी, चांदवड

महिन्याची पाच-सात तारीख उलटली, की तालुक्याच्या गावातील कोणत्याही हिशेबाच्या कार्यालयात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पार्टीला फोन लावला का?’ कोणाची विक्रीची बिले आलेली नसतात, कोणाचा बँकेचा खातेउतारा अपुरा असतो, तर कोणी कराची रक्कम भरण्याचे कबूल करून विसरलेला असतो. हिशेब लिहिण्याचे काम संगणकावर गेले, त्याला आता बरीच वर्षे झाली. हिशेबासाठी लागणारे कागद अशिलाकडून मिळविण्याचे काम मात्र अजूनही माणसाच्या आवाजावर आणि चिकाटीवर चालते. या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजेच ‘एआय’ची साधने आणण्याचा विचार आता लहान गावांतील सनदी लेखापाल आणि कर सल्लागारही करू लागले आहेत. ही साधने उपयोगी आहेत यात शंका नाही. ती कोणत्या अटींवर कार्यालयात घ्यावीत, हा खरा प्रश्न आहे.

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवड हे नाशिकपासून सुमारे ६५ किलोमीटर अंतरावरील तालुक्याचे गाव. रेणुकामातेचे मंदिर आणि अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल यांसाठी ते सर्वांना ठाऊक आहे. होळकरांच्या काळात येथे टाकसाळ होती आणि येथील रुपया ‘चांदवडी’ म्हणून ओळखला जाई. आज गावाची उलाढाल मुख्यतः कांद्याच्या बाजारावर, वडनेरभैरव परिसरातील द्राक्षांवर आणि महामार्गावरील वाहतूक व हॉटेल व्यवसायावर चालते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम संस्थेच्या वाणिज्य आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे हिशेब आणि संगणक या दोन्हींचे शिक्षण गावातच मिळते. अशा गावात व्यापारी एकमेकांना नावानिशी ओळखतात. म्हणूनच एकाच्या हिशेबाची माहिती चुकून दुसऱ्याच्या हाती गेली, तर तिची किंमत महानगरापेक्षा येथे अधिक मोजावी लागते.

पाठपुरावा कशाचा?

हिशेबाच्या कार्यालयाचे वर्ष तारखांवर चालते. उगमस्थानी कापलेला कर सर्वसाधारणपणे पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो. वस्तू व सेवा कराचे (जीएसटी) विक्रीचे मासिक विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, याची मुदत ११ तारखेची, तर कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्राची २० तारखेची. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत आहे, त्यांना तिमाही विवरणपत्राची सवलत आहे. तिमाही जीएसटीआर-३बी साठी महाराष्ट्रात पुढील महिन्याची २२ तारीख, तर देशाच्या काही अन्य राज्यांत २४ तारीख ठरलेली आहे. अग्रिम प्राप्तिकराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना येतात.

यांपैकी एखादी तारीख चुकली तर दंड अशिलाला बसतो. जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये, व्यवहारच नसल्यास २० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज आकारले जाते. त्याहून मोठे नुकसान व्यापारी संबंधांचे होते. विक्रेत्याचे जीएसटीआर-१ वेळेत गेले नाही, तर १४ तारखेच्या सुमारास तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या तपशिलात खरेदीदाराला त्या बिलावरील कराची वजावट दिसत नाही. मग खरेदीदार पैसे अडवून धरतो. कार्यालयाने केलेला, किंवा न केलेला, एक फोन असा थेट दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचतो.

यंत्र काय करते, काय करत नाही

सध्या ज्यांची चर्चा आहे ती भाषिक साधने प्रचंड मजकुराच्या अभ्यासावरून पुढचा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधून लिहितात. पत्राचा मसुदा करणे, लांबलचक ई-मेलचा सारांश काढणे, आलेला कागद बिल आहे की खातेउतारा हे ओळखणे, बोलणे ऐकून त्याचे टिपण करणे ही कामे ती झटपट करतात. मात्र कोणाचे काय येणे बाकी आहे आणि कोणती तारीख खरी, याचे ज्ञान त्यांना आपोआप नसते. ते पुरविले नाही, तर ती अंदाजाने लिहितात, आणि चुकीचा अंदाजही बरोबर उत्तराइतक्याच ठाम भाषेत लिहितात.

त्यामुळे पहिला विचार असा करावयास हवा की, या कामाला एआयची गरज आहे का? कोणाकडून कोणता कागद आला आणि कोणता राहिला, ही यादी ठेवण्यासाठी साधा तक्ता पुरतो. ठरलेल्या तारखेला ठरलेला संदेश पाठविण्याची सोयही साध्या संगणकप्रणालींमध्ये वर्षानुवर्षे आहे. हिशेब तपासता येईल असे काम तक्त्याकडे आणि शब्दांची जुळणी एआयकडे, अशी विभागणी केल्यास निम्मे धोके तेथेच टळतात. तारीख, रक्कम आणि अशिलाचे नाव या तीन गोष्टी नेहमी तक्त्यातून याव्यात. त्या एआयला ‘सुचू’ देऊ नयेत.

तारखांच्या बाबतीत २०२५ चे वर्ष बोलके आहे. लेखापरीक्षण लागू नसलेल्या करदात्यांसाठी प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलै ही मुदत त्या वर्षी प्रथम १५ सप्टेंबरपर्यंत आणि अखेरच्या दिवशी आणखी एक दिवस, १६ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. कर लेखापरीक्षण अहवालाची ३० सप्टेंबरची मुदत आधी ३१ ऑक्टोबर आणि नंतर १० नोव्हेंबरवर गेली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीच्या दरांची रचना बदलली आणि बहुतेक वस्तू ५ व १८ टक्क्यांच्या दोन टप्प्यांत आल्या. पुढे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘कर वर्ष’ ही नवी संज्ञा आली. जुन्या मजकुरावर शिकलेले साधन अशा वेळी जुनी तारीख, जुना दर आणि जुने कलम निःशंकपणे सांगू शकते. तिमाही विवरणपत्राची २४ ही दुसऱ्या राज्यांची तारीख चांदवडच्या व्यापाऱ्याला कळविली गेली, तर दोन दिवसांचे विलंब शुल्क ठरलेलेच.

चुकांचे ताजे दाखले

या चुका काल्पनिक नाहीत. बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले आढळले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. कंपनीने सुमारे ३ कोटी रुपयांचे उत्पन्न दाखविले असताना ते जवळपास २८ कोटी ठरविणाऱ्या त्या आदेशात ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता, ते सापडतच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने दिलेल्या निष्कर्षांवर डोळे झाकून विसंबता येणार नाही, ते पडताळून पाहिलेच पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले.

लेखा व्यवसायातील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक असलेल्या डेलॉइटच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने तेथील सरकारसाठी सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मोबदल्याचा अहवाल तयार केला होता. त्यात खोटे संदर्भ आढळल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये मोबदल्याचा काही भाग परत करण्याची वेळ त्या संस्थेवर आली. अहवालाच्या कामात एआयचा वापर झाल्याचे सुधारित आवृत्तीत नमूद करण्यात आले. ‘चूक यंत्राची होती’ हा बचावही टिकत नाही. ‘एअर कॅनडा’ या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील न्यायाधिकरणाने त्याची जबाबदारी कंपनीवरच टाकली. कार्यालयाच्या नावाने गेलेला संदेश हा कार्यालयाचाच संदेश, हे तत्त्व येथेही लागू पडते.

गोपनीयता हा व्यवसायाचा पाया

सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, व्यावसायिक कामाच्या ओघात मिळालेली माहिती अशिलाच्या संमतीवाचून किंवा कायद्याने आवश्यक नसताना अन्य कोणाला देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. अशिलाचा खातेउतारा एखाद्या मोफत एआय संकेतस्थळावर चढविणे म्हणजे ती माहिती तिऱ्हाईताच्या संगणकावर पाठविणे होय, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने न वापरण्याची सूचना दिली, ती याच कारणासाठी. सॅमसंग कंपनीनेही २०२३ मध्ये, कर्मचाऱ्यांनी अंतर्गत संगणकीय मजकूर चॅटजीपीटीवर टाकल्याचे उघड झाल्यावर, अशा साधनांवर बंदी घातली होती. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीतील एका दोषामुळे काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली होती.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आणि त्याखालील नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम यांनी ही जबाबदारी कर सल्लागार, हिशेबनीस अशा सर्वांपर्यंत नेली आहे. नियमांतील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अधिसूचनेपासून अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. लहान कार्यालयाला एवढा दंड होईल असे नाही, परंतु कायदा कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देतो, ते यावरून दिसते.

कामाची तीन भागांत वाटणी

कार्यालयात साधन आणण्यापूर्वी पाठपुराव्याच्या कामांची यादी करून ती तीन भागांत विभागावी.

पहिल्या भागात ज्यांत कोणाचीही खासगी माहिती नाही अशी कामे येतात. सर्वांना पाठवावयाच्या सर्वसाधारण आठवणीचा मसुदा, नव्या नियमाची सोप्या मराठीतील माहिती, वर्षअखेरीस लागणाऱ्या कागदांची नमुना यादी ही त्याची उदाहरणे. येथे एआयचा वापर निर्धास्तपणे सुरू करता येतो. तारखा व नियम तेवढे अधिकृत संकेतस्थळावरून पडताळावेत.

दुसऱ्या भागात विशिष्ट अशिलाशी संबंधित, पण साधी कामे येतात : कोणाचे कोणते कागद बाकी आहेत त्याची आठवण, दुसऱ्या-तिसऱ्या वेळचे स्मरणपत्र, आलेल्या कागदांची पोच. येथे नाव-क्रमांक झाकून, कराराने बांधलेल्या सशुल्क साधनातूनच काम करावे आणि प्रत्येक संदेश पाठविण्यापूर्वी माणसाने वाचावा.

तिसऱ्या भागातील कामे यंत्राकडे जाऊच नयेत. कर खात्याच्या नोटिशीचे उत्तर, कराच्या मागणीविषयीचा सल्ला, थकीत फीवरून निर्माण झालेला वाद, अशिलाच्या घरातील वाटणी किंवा आजारपणाशी निगडित बाबी, आधार क्रमांक, संकेतशब्द आणि ओटीपी हे सर्व या भागात येते. अशा कामात फोन उचलून बोलणे हाच उत्तम पाठपुरावा.

साधन निवडताना

मोफत वैयक्तिक खाते आणि व्यावसायिक सशुल्क खाते यांत केवळ सोयींचा फरक नाही. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यातील संभाषणे, वापरकर्त्याने ती सोय बंद केली नाही तर, पुढील प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकतात. व्यावसायिक खात्यांत तशी माहिती मुळातच वापरली जात नाही, असे कंपनी सांगते. गुगलनेही आपल्या जेमिनी या साधनाच्या वैयक्तिक वापरकर्त्यांना गोपनीय माहिती न टाकण्याचा इशारा दिला आहे, कारण काही संभाषणे तपासनीस वाचू शकतात. म्हणून करार करताना पुरवठादाराला चार प्रश्न लेखी विचारावेत : आमची माहिती प्रशिक्षणासाठी वापरणार का? ती कोठे आणि किती काळ ठेवणार? आम्ही सांगितल्यावर पुसणार का? गळती झाल्यास आम्हाला किती वेळात कळविणार? उत्तर लेखी मिळत नसेल, तर त्या साधनाचा नाद सोडावा.

कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवरील मोफत साधनांचा प्रश्न याहून अवघड आहे. कार्यालयाने कोणतेच साधन दिले नाही, तर आर्टिकलशिप करणारा विद्यार्थी रात्री काम उरकण्यासाठी स्वतःच्या खात्यात अशिलाचा कागद टाकण्याची शक्यता वाढते. सरसकट बंदीपेक्षा एक मान्य साधन आणि एक पानाची स्पष्ट नियमावली अधिक सुरक्षित ठरते.

नाव झाकले, तरी क्रमांक बोलतो

माहिती झाकताना एक बारकावा हमखास सुटतो. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी ते २७. त्यापुढील दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. त्यामुळे पॅन खोडून जीएसटी क्रमांक तसाच ठेवला, तर काहीच झाकलेले नसते. पॅनमधील चौथे अक्षर करदाता व्यक्ती आहे, भागीदारी आहे की कंपनी हे सांगते, आणि व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. लहान गावात एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक अशिलाला कार्यालयापुरता एक अनुक्रमांक द्यावा आणि यंत्राला तेवढाच दाखवावा. ‘अशील ४२ : एप्रिलची खरेदी बिले आणि चालू खात्याचा उतारा बाकी’ एवढ्या मजकुरावर उत्तम मसुदा तयार होतो. नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक कार्यालयातील संगणकावर शेवटी जोडावेत. ही जोडणी नावावरून न करता जीएसटी किंवा पॅन क्रमांकावरून करावी. एकाच आडनावाचे चार व्यापारी आणि एकाच देवतेच्या नावाच्या तीन पेढ्या एकाच बाजारात असतात. एकाचा उलाढालीचा तपशील शेजारच्या गाळ्यावरील स्पर्धकाच्या हाती पडणे, हा या कामातील सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज घडणारा अपघात आहे.

मसुदा यंत्राचा, जबाबदारी माणसाची

संदेश आपोआप पाठविण्याची मुभा यंत्राला देऊ नये. मसुदा यंत्राने करावा, तो वाचून पाठविण्याचे बटण ठरलेल्या व्यक्तीने दाबावे. वाचणाऱ्याने नाव, तारीख, रक्कम आणि मागितलेला कागद या चार गोष्टींवर बोट ठेवून खूण करावी. नुसती नजर फिरविणे पुरेसे नाही. पन्नास बरोबर मसुदे वाचल्यावर एकावन्नावा न वाचताच पुढे जातो, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून एका बैठकीत वीस-पंचविसापेक्षा अधिक संदेश मंजूर करू नयेत.

अनेक कार्यालयांत सर्व अशिलांचे प्राप्तिकर आणि जीएसटी संकेतस्थळांचे संकेतशब्द एकाच तक्त्यात असतात, आणि डिजिटल स्वाक्षरीची उपकरणे एकाच खणात. ही सवय मुळातच धोक्याची आहे. आता तर संगणकावरील सर्व फाइली वाचू शकणारी आणि संकेतस्थळांवर स्वतः कामे करणारी एआय साधने आली आहेत. त्यांच्या आवाक्यात असा तक्ता राहिला, तर घराच्या सर्व किल्ल्या अनोळखी गड्याच्या हाती दिल्यासारखे होईल. साधनाला फक्त ठरावीक फोल्डर, तेही केवळ वाचण्यापुरते, उघडे करावे. संकेतशब्दांचा तक्ता स्वतंत्र व कुलूपबंद ठेवावा आणि काम संपताच डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण संगणकातून काढून घ्यावे.

आणखी एक धोका बाहेरून आलेल्या कागदांत दडलेला असतो. ई-मेल किंवा जोडपत्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत यंत्रासाठी सूचना लिहून ठेवता येते, आणि सारांश करणारे साधन ती आपल्या मालकाची आज्ञा समजून पाळू शकते. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन एआय साधनात जून २०२५ मध्ये असाच ‘इकोलीक’ नावाचा दोष उघड झाला. केवळ एक ई-मेल पाठवून संस्थेची अंतर्गत माहिती बाहेर काढता येईल, असा तो होता. कंपनीने तो दुरुस्त केला. मात्र या जातीचा हल्ला पूर्णपणे रोखणारा उपाय अद्याप नाही. त्यामुळे बाहेरून आलेली ई-मेल वाचणाऱ्या साधनाला बाहेर ई-मेल पाठविण्याची परवानगी नसावी, हा नियम पाळणे शहाणपणाचे.

भाषा आणि अंक

पाठपुरावा ही सौजन्याची कला आहे. यंत्राने लिहिलेली मराठी बरेचदा हिंदी वळणाची किंवा सरकारी परिपत्रकासारखी होते. ‘आपण त्वरित दस्तऐवज सादर न केल्यास कारवाई होईल’ असे वाक्य वर्षानुवर्षे येणाऱ्या व्यापाऱ्याला कार्यालयाने पाठविले, तर तो दुखावतो किंवा घाबरतो. ‘शेठ, एप्रिलची खरेदीची बिले तेवढी राहिली आहेत, मंगळवारपर्यंत पाठविलीत तर विवरणपत्र वेळेत भरता येईल’ हा मजकूर तेच काम नीट करतो. कार्यालयाने आपल्या पद्धतीचे दहा-बारा चांगले संदेश निवडून नमुन्यादाखल यंत्राला दिल्यास मसुद्यांची भाषा सुधारते. बाजार समितीत लिलाव चालू असताना कांद्याचा व्यापारी संदेश वाचत नाही, हे यंत्राला ठाऊक नसते. संदेशाची वेळ माणसानेच ठरवावी.

सरसकट संदेशातही घोटाळा होतो. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, आणि निव्वळ करमुक्त मालाचा व्यापार करणाऱ्यास नोंदणीची सक्ती नाही. अशा व्यापाऱ्यालाही ‘आपले जीएसटी विवरणपत्र बाकी आहे’ असा निरोप गेला, तर त्याची झोप उडते आणि कार्यालयाचे हसे होते.

छायाचित्रावरून कागद वाचणाऱ्या साधनांबाबत वेगळी काळजी हवी. हाताने लिहिलेल्या हिशेबपट्टीवरील देवनागरी ‘१’ आणि ‘९’ यांत माणसाचीही गफलत होते, तशी ती यंत्राचीही होते. अशा कागदावरील आकडा नगांची संख्या, वजन, भाव आणि एकूण रक्कम यांचा गुणाकार जुळवूनच स्वीकारावा.

आधी चाचणी, मग वापर

नवे साधन विवरणपत्रांच्या ऐन गर्दीत आणू नये. तुलनेने निवांत महिना निवडून मागील तिमाहीच्या, काम संपलेल्या पाठपुराव्यावर ते चालवून पाहावे. तेव्हा प्रत्यक्षात काय पाठविले होते आणि यंत्र आता काय सुचविते, याची तुलना करावी. एकही संदेश बाहेर जात नसल्याने या टप्प्यात चूक झाली तरी नुकसान नाही. त्यानंतर संमती देणारे आठ-दहा अशील निवडून एक महिना जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवावी.

या काळात चुकांची वही ठेवावी. चुकीची तारीख, चुकीचे नाव, नको असलेला कागद मागणे, उद्धट भाषा असे रकाने पाडून रोज नोंद करावी. थांबण्याची अटही आधीच लिहून ठेवावी. एकाचा मजकूर दुसऱ्याला जाण्याची एक घटना घडली, तरी वापर थांबवून कारण शोधावयाचे, ही अट योग्य ठरेल. महिन्याच्या अखेरीस दोनच प्रश्न विचारावेत : कागद लवकर आले का? आणि तपासण्यात गेलेला वेळ धरूनही वेळ वाचला का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तक्ता आणि दूरध्वनी यांवरच काम चालू ठेवण्यात कमीपणा नाही.

अशिलाला विश्वासात घ्यावे

आपली माहिती कशी वापरली जाते, हे जाणण्याचा हक्क अशिलाला आहे. काम स्वीकारताना दिल्या जाणाऱ्या पत्रातच एक परिच्छेद असावा : स्मरणपत्रांचे मसुदे करण्यासाठी संगणकीय साधन वापरले जाते, त्याला नाव व क्रमांक दिले जात नाहीत, प्रत्येक संदेश माणूस तपासतो, आणि नको असल्यास तसे सांगता येईल. माहिती संरक्षण कायद्यानुसार अशी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची सोय असली पाहिजे, आणि मराठी ही त्यांपैकी एक आहे. नकार देणाऱ्या अशिलाचे काम पूर्वीप्रमाणेच चालावे.

त्याच पत्रात फसवणुकीविषयीही लिहावे. कार्यालयाचे नाव वापरून अस्खलित मराठीत खोटे संदेश लिहिणे आता भामट्यांनाही सोपे झाले आहे. ‘कार्यालय संदेशातून कधीही बँक खात्याचा बदल कळविणार नाही, संकेतशब्द मागणार नाही, अनोळखी फाइल उतरवून घ्यायला सांगणार नाही, ओटीपी लागल्यास परिचित क्रमांकावरून प्रत्यक्ष बोलूनच विचारेल’ एवढे आधीच कळविलेले असले, की अशील सावध राहतो.

चूक झालीच तर

चुकीचा संदेश गेल्याचे कळताच यंत्राचा वापर थांबवावा आणि ज्याची माहिती गेली त्या अशिलाला त्याच दिवशी स्वतः फोन करून सांगावे. लपविलेली चूक बाजारातून त्याच्या कानी गेली, तर पुन्हा विश्वास बसत नाही. संगणकीय सुरक्षेसाठीच्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहितीच्या गळतीसारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे अपेक्षित आहे. नव्या माहिती संरक्षण नियमांत संबंधित व्यक्तींना आणि मंडळाला विनाविलंब, तर मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत देण्याची तरतूद आहे. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. हे सर्व क्रमांक आणि कोणी कोणाला कळवावयाचे याची यादी कागदावर छापून भिंतीवर लावावी, कारण ज्या दिवशी तिची गरज लागते त्या दिवशी संगणक बंद असू शकतो.

कार्यालयासाठी दहा मुद्दे

१) बाकी कागदांची यादी तक्त्यात ठेवावी, एआयकडे केवळ मसुदा.
२) तारीख, दर व कलम अधिकृत संकेतस्थळावरून त्याच दिवशी पडताळावे.
३) मोफत वैयक्तिक खात्यात अशिलाचा कोणताही कागद टाकू नये.
४) पुरवठादाराकडून चार प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत.
५) पॅनबरोबर जीएसटी क्रमांकही झाकावा, आधार क्रमांक देऊच नये.
६) अशील क्रमांकावरून जोडावा, नावावरून नव्हे.
७) प्रत्येक संदेश ठरलेल्या व्यक्तीने वाचूनच पाठवावा.
८) संकेतशब्द, ओटीपी व डिजिटल स्वाक्षरी यंत्राच्या आवाक्याबाहेर ठेवावी.
९) चुकांची वही आणि थांबण्याची अट पहिल्या दिवसापासून असावी.
१०) नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच सायंकाळी बंद करावे.

यांतील बहुतेक मुद्द्यांना खर्च नाही. साधनाची वर्गणी भरण्यापूर्वीही तक्ता नीट लावणे, संकेतशब्द वेगळे ठेवणे आणि अशिलांना सावधगिरीचे पत्र पाठविणे ही तीन कामे कोणत्याही कार्यालयाला येत्या आठवड्यात करता येतील. ज्यांनी ती केली, त्यांना पुढे यंत्र घ्यावे की नाही, हा निर्णय घाईविना घेता येईल.